आऊट होण्याचा हक्क

'नारुतो' या निंजांच्या जपानी चित्रकथेच्या, म्हणजे मांगाच्या, सुरुवातीलाच एक प्रसंग येतो. निंजागुरू काकाशी आपल्या तीन विद्यार्थ्यांना जंगलात नेतो आणि सांगतो, हात न लावता झाडावर चढा. म्हणजे खोडावरून सरळ चालत. तळपायाशी चक्र, म्हणजे अंगातली शक्ती, नेमकी हवी तेवढीच आणायची. कमी पडली की पाय सुटतो, जास्त झाली की साल फुटते आणि माणूस मागे फेकला जातो. नारुतो दोन पावलांत डोक्यावर आपटतो. सासुके त्याच्याहून थोडा वर जातो आणि उलटतो. साकुरा मात्र तोवर उंच फांदीवर जाऊन बसलेली असते. पहिल्याच खेपेला.

आता पुढे काय होतं ते बघा. कितीतरी पानं ते दोघे मुलगे त्या झाडांशी झटत राहतात. जिथवर पोचलो तिथे कुनाईने, म्हणजे निंजांच्या छोट्या सुरीने, खूण करायची, पडायचं, पुन्हा धावत सुटायचं. अंधार पडला तरी घरी जायचं नाव नाही. नारुतो हळूच साकुराला युक्ती विचारतो. मग कुणाला काही विचारणं जिवावर येणारा सासुके त्यालाच विचारतो, ती काय म्हणाली रे? या दोघांचं जे नातं पुढे सातशे प्रकरणं कथा ओढून नेणार आहे, त्याची पहिली गाठ या झाडांखाली पडते. आणि जिला सगळ्यांत आधी जमलं ती कुठे आहे? पूल बांधणाऱ्या म्हाताऱ्या ताझुनाच्या राखणीला. पुलावर. जांभया देत.

साकुरा हारुनोला नावं ठेवणाऱ्यांची कमतरता नाही. रडकी आहे, कमजोर आहे, सारखं सासुके-सासुके करते. माझी तक्रार याच्या बरोबर उलटी आहे. तिला फार लवकर आलं. या 'शोनेन' जातीच्या कथेत ज्याला येतं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बघतात ते ज्याला येत नाही, जो तोंडावर पडतो आणि नाक पुसत परत उभा राहतो, त्याच्याकडे. साकुराला लेखकाने हुशारी दिली आणि त्या हुशारीनेच तिला गोष्टीबाहेर काढलं.

शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या नियतकालिकांतून येणारा मांगा, आणि त्यावर बेतलेलं ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन. शुएइशा प्रकाशनाचं 'शोनेन जंप' १९६८ साली सुरू झालं आणि १९९४च्या अखेरीस त्याच्या एका अंकाचा खप ६५ लाखांच्या वर गेला होता. मैत्री, कष्ट आणि विजय ही त्याची प्रसिद्ध त्रिसूत्री. यातला विजय आपल्याला खरा वाटतो तो मधल्या कष्टांमुळे, आणि कष्ट खरे वाटायचे तर आधी पराभव दिसावा लागतो. नारुतो रासेनगान, म्हणजे तळहातावर शक्तीचा गोळा धरायची विद्या, शिकतो तेव्हा आधी पाण्याने भरलेला फुगा हाताच्या तळव्यात फोडायला शिकतो, मग रबरी चेंडू, मग तीच शक्ती न फुटता फुग्यात धरून ठेवायला. तळहाताची कातडी जाते. हे सगळं आपण टप्प्याटप्प्याने बघतो. साकुरासुद्धा शिकते, त्सुनादेसारख्या गुरूकडे शिकते, आणि शिकते ते साधंसुधं नाही, शस्त्रक्रिया नि वैद्यकी. पण कधी? कथेने अडीच वर्षांची उडी मारली त्या मधल्या काळात. आपण परत येतो तेव्हा ती जमिनीवर एक ठोसा मारते आणि जमीन दुभंगते. तो ठोसा बसेपर्यंत तिच्या हाताचं काय काय झालं असेल, त्याचं एकही पान आपल्याला मिळत नाही.

आमच्या गल्लीत क्रिकेट चालायचं तेव्हा लहान भावंडांना आणि आम्हा मुलींना 'कच्चा लिंबू' म्हणून घ्यायचे. कच्च्या लिंबाला बॅटिंग मिळते, फिल्डिंगला उभं करतात, कुणी हाकलून देत नाही. फक्त तो आऊट होत नाही. त्रिफळा उडाला तरी हसून 'राहू दे, राहू दे' म्हणायचं आणि पुढचा चेंडू टाकायचा. सगळे किती प्रेमाने वागायचे! आणि त्या प्रेमात खेळायची सगळी मजा जायची, कारण जो आऊट होऊ शकत नाही त्याच्या धावाही कुणी मोजत नाही. शोनेनमधल्या बहुतेक नायिका बघताना मला तो त्रिफळा आठवतो. त्यांच्यावर अन्याय होतो तो दुष्टपणाने होत नाही. त्यांना जपलं जातं.

निंजांच्या परीक्षेतला, मृत्यूच्या अरण्यातला प्रसंग 'नारुतो'च्या चाहत्यांना पाठ असेल. दोघे मुलगे बेशुद्ध, साकुरा एकटी जागी, समोर तीन शत्रू. एकीने तिचे केस मुठीत धरलेत. मनाशी ती म्हणते, मी कायम या दोघांच्या पाठीकडेच बघत आले, आता माझी पाठ त्यांना दिसू दे. आणि कुनाईने स्वतःचे लांब केस कापून सुटते. मग मार खाते, चावते, पण दात सोडत नाही. लेखक मासाशी किशिमोतोंना काय करायचं हे कळत होतं, याचा हा पुरावा. पण ती पुरती हरायच्या आत मदतीला तिची मैत्रीण नि प्रतिस्पर्धी इनो आणि तिची टोळी येते, मग सासुके जागा होतो, शत्रूचे हात मोडतो, आणि ती लढाई त्याची होऊन जाते. केस कापलेले राहतात.

यावर नेहमीचं उत्तर असतं ते धंद्याचं. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला एकोणीस-वीस पानं, त्यात अंकाबरोबर वाचकांची मतं मागवणारी पोस्टकार्डं. आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवा. जी मालिका तळाला जाते ती बंद पडते. अशा तलवारीखाली बसलेला चित्रकार दुय्यम पात्राच्या सरावावर पानं का खर्च करील? मुद्दा खरा आहे, मी तो बरीच वर्षं मानलाही. अडचण एवढीच की त्याच 'नारुतो'त रॉक ली आहे. तोही दुय्यमच. त्याच परीक्षेच्या पुढच्या फेरीत, साकुरा लढते त्याच मैदानावर, त्याची गारा नावाच्या मुलाशी लढत होते: पायांवरची जड वजनं तो सोडतो, ती खाली पडून धुरळा उडतो, मागे जाऊन त्याच्या सरावाची, त्याच्या गुरूची, त्याच्या रडण्याची सगळी कहाणी येते, आणि शेवटी हात-पाय चिरडलेला ली शुद्ध हरपूनही उभाच असतो. तो हरतो. आजही लोक त्या लढतीची आठवण काढतात. साकुरा आणि इनोच्या लढतीत काय होतं? दोघी एकाच वेळी एकमेकींना ठोसा लावतात, दोघी पडतात, बरोबरी. पानं होती, जागा होती. एका मुलाला त्यात पराभव मिळाला आणि दोन मुलींना बरोबरी देऊन घरी पाठवलं.

याच मैदानाचं दुसरं रूप मला सापडलं ते 'माय हीरो अकॅडेमिया'त. कोहेइ होरिकोशींची ही मालिका २०१४ ते २०२४ चालली. हीरो घडवणाऱ्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात ओचाको उरारकाची गाठ कात्सुकी बाकुगोशी पडते. तिची शक्ती म्हणजे बोटांनी स्पर्श केला की वस्तू वजनहीन होते. त्याची शक्ती स्फोट. लढतीआधी मालिकेचा नायक मिदोरिया तिच्यासाठी वहीत डावपेच लिहून आणतो. ती आभार मानते आणि नको म्हणते. पुढे जे होतं ते होण्यासाठी हा नकार गरजेचा आहे, कारण ते डावपेच घेतले असते तर पराभवात मिदोरियाचा वाटा आला असता.

मग ती धावते. खाली वाकून, पुन्हा पुन्हा. दर वेळी बाकुगो तिला उडवून लावतो. प्रेक्षकांतले काही ओरडायला लागतात: मुलीला असं छळतोस, लाज नाही वाटत? तेव्हा समालोचकांच्या खोलीतून त्यांचे शिक्षक आइझावा माईक हातात घेतात आणि त्या ओरडणाऱ्याला सुनावतात की तू स्वतः व्यावसायिक हीरो असशील तर घरी जाऊन दुसरी नोकरी शोध. तो मुलगा सावध आहे, कारण समोरची इथवर आली आहे हे त्याने ओळखलंय. आणि मग आपल्याला दिसतं की उरारका वाकून का धावत होती. तिने बाकुगोला जमिनीलगत स्फोट करायला लावले, जमिनीचे जे तुकडे उडाले ते एकेक करून स्पर्शून वर तरंगत ठेवले, आणि आता ती बोटं जुळवते. सगळा ढिगारा उल्कांसारखा त्याच्यावर कोसळतो. बाकुगो एका स्फोटात तो उधळून टाकतो. संपलं. ती तरीही पुढे पाऊल टाकते आणि शरीर साथ सोडतं. नंतर कुणीतरी बाकुगोला त्या नाजूक मुलीवरून टोमणा मारतं तेव्हा तो गुरकावतो, तिच्यात नाजूक काय होतं?

मिदोरिया भेटायला येतो तेव्हा ती खूप हसते. तो गेला की वडिलांचा फोन येतो आणि ती ढसाढसा रडते. मुलग्यांच्या वाट्याला येणारा एक आख्खा, कुणीही मध्ये न घुसलेला पराभव या मुलीला मिळाला. पुढे मालिकेने तिला पुष्कळदा बाजूला बसवलं, तिच्या प्रेमाच्या गोंधळावर पानं घालवली, ते सगळं मान्य. पण ती लढत कुणी तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

हे सगळं मी माझ्या भाचीला ऐकवत होते. ती अकरावीत आहे आणि या विषयात माझ्यापेक्षा चार पावलं पुढे. ऐकून म्हणाली, "मावशी, म्हणजे तुला ती जिंकायला नकोच आहे का? मुली आधीच कमी जिंकतात, त्यात तू त्यांना हरवायला निघालीस." बोलणं बरोबर होतं. मी म्हटलं, जिंकू दे की, पण तिचा विजय कुठून आला ते दाखवा. शक्ती काय, शाईच्या चार रेघांत मिळते. लेखकाने ठरवलं तर नायिका उद्या डोंगर उचलेल. मिकासा अकरमान 'अटॅक ऑन टायटन'मध्ये पहिल्या दिवसापासून अफाट आहे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल मला कधी धाकधूक वाटली नाही. भाचीने मिकासाचं नाव ऐकताच माझ्याशी बोलणं बंद केलं, तो वेगळा विषय.

उरारकाबद्दल आणखी एक गोष्ट मला फार आवडते. हीरो का व्हायचंय असं विचारल्यावर ती लाजत सांगते, पैशासाठी. घरची बांधकामाची कंपनी आहे, कामं मिळत नाहीत, आईवडिलांना जरा सुखाचे दिवस दाखवायचेत. शोनेनमधल्या मुलग्यांना राजा व्हायचं असतं, होकागे म्हणजे निंजागावाचा प्रमुख व्हायचं असतं, पहिल्या क्रमांकाचं काहीतरी व्हायचं असतं. ज्या मुली मनात राहतात त्यांना बहुधा काहीतरी मोजता येण्यासारखं हवं असतं. 'वन पीस'मधली नामी याचं थोर उदाहरण. आर्लाँग नावाच्या समुद्री चाच्याने तिचं गाव ताब्यात घेतलं, तिला वाढवणाऱ्या बेलमेरला तिच्या डोळ्यांदेखत मारलं आणि सौदा केला, दहा कोटी बेरी (तिथलं चलन) आण आणि गाव सोडवून घे. लहानगी नामी आठ वर्षं चोऱ्या करते, त्याच्यासाठी नकाशे काढते, आणि ९ कोटी ३० लाखांपर्यंत येते. मग एक लाचखाऊ अधिकारी तो सगळा पैसा जप्त करून नेतो.

नामी आपल्या खांद्यावरच्या आर्लाँगच्या गोंदणात सुरी खुपसत राहते आणि शेवटी मालिकेचा नायक लुफीकडे मदत मागते. नायकाने नायिकेला वाचवलं म्हणून हे प्रकरण मोडीत काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. तिने आधी आठ वर्षं स्वतः लढून बघितलंय, तिचा हिशोब आपल्याला पैशापर्यंत माहीत आहे, आणि ती हरली आहे. अशा माणसाने मदत मागण्यात कमीपणा कसला? लुफी तिची कर्मकहाणी ऐकायलाही थांबत नाही. आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवून चालू लागतो. पुढे आर्लाँगच्या वाड्यात, जिथे तिला नकाशे काढायला बसवलं जाई त्या खोलीत त्याला रक्ताने माखलेली लेखणी दिसते, आणि तो ती खोलीच मोडून टाकतो. या माणसाला काही समजत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पान परत बघावं. (याच मालिकेच्या लेखकाने, एइइचिरो ओदांनी, पुढे नामीला कंबर नाहीशी करून आणि कपडे आटवत आटवत जे काही केलं त्याबद्दल मला बोलायचं नाही. बोलले तर हा लेख दुसरीकडे जाईल. वाचणाऱ्या मुलींना ते दिसतं, एवढं ओदांना कुणीतरी कळवावं.)

'जुजुत्सु काइसेन'मधली नोबारा कुगिसाकी, शापांशी लढणाऱ्या मांत्रिकांच्या शाळेतली विद्यार्थिनी, तर पहिल्याच भेटीत सांगून टाकते की टोकियोत राहायला मिळतं आणि पैसे लागत नाहीत म्हणून आले. गाव मला नकोसं झालं होतं. तिची हत्यारं म्हणजे हातोडा, खिळे आणि गवताची बाहुली. जपानमध्ये ही जुनी करणी आहे: मध्यरात्र उलटून गेल्यावर पांढऱ्या वस्त्रात, डोक्यावर लोखंडी तिपाई उलटी घालून तिच्या पायांवर मेणबत्त्या लावलेली बाई देवळाच्या आवारातल्या झाडावर शत्रूच्या नावाची बाहुली ठोकते. क्योतोच्या उत्तरेचं किफुने हे देवस्थान या कथांसाठी प्रसिद्ध आहे. त्या कथांतली बाई जवळजवळ नेहमी सवतीमत्सराने पेटलेली, टाकून दिलेली. लेखक गेगे आकुतामींनी तीच हत्यारं घेतली आणि अशा पोरीच्या हातात दिली जिला कुणी टाकलेलं नाही, जी कुणासाठी झुरत नाही, जिला खरेदी आवडते. एका लढतीत शत्रूचं विषारी रक्त तिच्या अंगात गेलेलं असतं. ती घाबरत नाही. तेच रक्त दुवा धरून स्वतःच्या हातात खिळे ठोकते, म्हणजे वेदना पलीकडे पोचतील. जुन्या करणीतली बाई दुसऱ्याच्या बाहुलीवर खिळा मारते. ही स्वतःलाच बाहुली करते. बघताना मी खुर्चीत मागे सरकले होते.

क्योतोच्या शाळेतल्या निशिमियाशी तिची लढत होते ती मला अधिक महत्त्वाची वाटते. झाडूवर बसून उडणारी निशिमिया तिला सुनावते की या क्षेत्रात बाईला नुसतं ताकदवान असून भागत नाही, गोडही दिसावं लागतं, निर्दोष असावं लागतं. हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. नोबारा तिच्याशी त्यावर वाद घालत नाही. नटलेली मी मला आवडते, ताकदवान मीही मला आवडते, असं म्हणते आणि हातोडा उगारते. अशी मुलगी शोनेनमध्ये क्वचित सापडते. आणि तिचं काय केलं? टोकियोतल्या शिबुयाच्या युद्धात तिने महितोवर, ज्याचा स्पर्शच जीवघेणा अशा शत्रूवर, जबर घाव घातला, त्याने तिच्या चेहऱ्याला हात लावला, आणि ती कथेतून गेली. मेली की जगली हेदेखील कुणी धड सांगेना. जवळजवळ चार वर्षं तिच्या चाहत्यांनी वाट पाहिली. ती परतली ती २०२४मध्ये, कथा संपता संपता, एका निर्णायक खिळ्यापुरती. मरणं म्हणजे हरणं नव्हे, हे मला इथे फार जाणवलं. ली हरला त्यानंतर त्याचा दवाखाना होता, पुन्हा चालता येईल का ही भीती होती, कुबड्या होत्या. नोबाराला त्यातलं काहीही मिळालं नाही. तिची खुर्ची फक्त रिकामी राहिली. आकुतामींवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

बायका शोनेन लिहितात तेव्हा वेगळं होतं का? रुमिको ताकाहाशी १९७८पासून 'शोनेन संडे' या साप्ताहिकात आहेत, तेव्हा ही काही आजची गोष्ट नव्हे. पण मला उदाहरण द्यायचंय ते हिरोमु आराकावांचं. होक्काइदोत दुभत्या जनावरांच्या शेतावर वाढलेल्या, शिक्षण झाल्यावर सात वर्षं त्याच शेतावर राबलेल्या या बाईंनी 'फुलमेटल अल्केमिस्ट' २००१ ते २०१० या काळात लिहिलं. त्यातली विन्री रॉकबेल वरवर बघितली तर अगदी ठराविक आहे: नायकाची बालमैत्रीण, गावाकडे वाट बघणारी, सोनेरी केसांची. पण ती कारागीर आहे. किमयागार नायक एडचा लोखंडी हात आणि पाय तिने घडवलेत. आणि एकदा ती त्या हातात एक स्क्रू बसवायचा विसरते.

एवढ्याशा गोष्टीने मी तिच्या प्रेमात पडले. एड एका जीवघेण्या लढाईत असताना तो हात ऐन वेळी दगा देतो. एड बिचारा समजतो की आपणच फार ताण दिला. दवाखान्यात त्याला भेटायला आलेल्या विन्रीला खरं माहीत असतं आणि ती गुपचूप स्क्रू बसवून टाकते. प्रसंग विनोदी आहे, पण त्यात एक गोष्ट नक्की होते: या मुलीच्या कामावर कुणाचातरी जीव अवलंबून आहे आणि ते काम चुकू शकतं. ती खेळात आहे. आता तिचे निर्णय मोजले जाणार.

म्हणून पुढे जेव्हा तिला कळतं की आपल्या डॉक्टर आईवडिलांना मारणारा माणूस समोर उभा आहे, आणि ती पिस्तूल उचलते, तेव्हा आपला श्वास अडकतो. ती गोळी झाडत नाही. एड तिला म्हणतो, तुझे हात माणसं जगवणारे आहेत. इथे एखाद्या साध्या मालिकेने तिला क्षमेची देवी करून सोडून दिलं असतं. आराकावा तसं करत नाहीत. बऱ्याच काळाने उत्तरेच्या बर्फात तोच माणूस, स्कार, जखमी होतो आणि विन्री त्याच्या दंडाला पट्टी बांधते. बांधताना स्पष्ट सांगते की मी तुला माफ केलेलं नाही. माझे आईवडील असते तर त्यांनी हेच केलं असतं, म्हणून करतेय. शेतावरच्या बाईने लिहिलेलं वाक्य आहे ते. समोर जे काम पडलंय ते आधी उरकायचं, मनात काय आहे ते मनात. शेवटी एड तिला मागणी घालतो तीही आपल्या किमयेच्या भाषेत, माझं अर्धं आयुष्य देतो, तुझं अर्धं दे. ती वैतागून म्हणते, अर्धं कशाला, सगळंच देते की! आणि मग घाबरून नव्वद टक्के, पंच्याऐंशी टक्के असा भाव करायला लागते. मला अजून हसू येतं.

२०२५च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कासल' हा चित्रपट आपल्याकडे आला तेव्हा भाचीबरोबर ठाण्यात सकाळी लवकरच्या खेळाला गेले. एवढ्या सकाळी थिएटर भरलेलं, आणि त्यात मुली निम्म्याहून जास्त वाटल्या. या मालिकेची नायिका नेझुको, तिच्या तोंडात बहुतेक काळ बांबूचा तुकडा बांधलेला. तिच्याबद्दल काय लिहावं ते मला अजून सुचत नाही. पण राक्षस मारणाऱ्या पथकातली शिनोबू कोचो! राक्षस मरायला त्याचं मुंडकं उडवावं लागतं, आणि शिनोबूच्या हातांत तेवढं बळच नाही. उंचीने लहान, वजनाने हलकी. म्हणून तिने वेगळी विद्या केली: विस्टेरियाच्या फुलांचं विष, आणि ते टोचायला नांगीसारखी बारीक तलवार. समोर दोमा, तिच्या थोरल्या बहिणीला मारणारा राक्षस. ती एक विष टोचते, तो विरघळतो आणि सावरतो. दुसरं मिश्रण. पुन्हा सावरतो. आणि वर तिचं कौतुक करत राहतो, किती कष्ट घेतलेस गं, किती छान प्रयत्न! ते गोड बोलणं त्याच्या हातातल्या धारदार पंख्यांपेक्षा जास्त लागतं. ती छाती फाटली तरी बहिणीच्या आवाजाने उठते आणि शेवटचा वार करते. तोही पुरत नाही. काही सांगायचंय का असं तो प्रेमाने विचारतो तेव्हा ती त्याला नरकात जायला सांगते.

संपूर्ण पराभव. कुणी वेळेवर धावून आलं नाही, बरोबरी झाली नाही, कॅमेरा दुसरीकडे वळला नाही. आमच्या पुढच्या रांगेतल्या पोरी मुसमुसत होत्या. यापुढे काय होतं ते मांगा वाचलेल्यांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी मी गप्प बसते.

सध्या मात्र मी भाचीच्या मागे लागले आहे ती 'अकाने-बानाशी' वाचण्यासाठी. युकी सुएनागा यांची कथा, ताकामासा मोउए यांची चित्रं, २०२२पासून 'शोनेन जंप'मध्ये, म्हणजे त्या ६५ लाखवाल्या साप्ताहिकात. नायिका एक मुलगी आणि विषय राकुगो, म्हणजे एकट्याने बसून किस्से रंगवायची जपानी कला. राकुगोत कलावंत उशीवर गुडघे मोडून बसतो. हातात एक पंखा आणि एक रुमाल. मान डावीकडे वळवली की घरमालक, उजवीकडे वळवली की भाडेकरू. शेवटापर्यंत उठायचं नाही. यातली सर्वांत वरची पायरी शिनउची. शेकडो वर्षांच्या या कलेत टोकियोत बाईला शिनउची म्हणून पहिल्यांदा मान्यता मिळाली ती १९९३ साली, म्हणजे माझ्या आयुष्यात. अकानेचे वडील शिनताही राकुगोवाले. शिनउचीच्या परीक्षेच्या दिवशी इश्शो नावाचा बडा उस्ताद त्यांच्यासकट सगळ्या उमेदवारांना घराण्यातून काढून टाकतो. वडील कला सोडून नोकरी धरतात. लहान अकाने हे बघते, आणि सतरा वर्षांची होईस्तोवर वडिलांच्याच गुरूंकडे गुपचूप शिकत राहते.

तिला येतं, साकुरासारखंच. पाठांतर आहे, आवाज आहे, वडिलांची नक्कल करत वाढलेली आहे. फरक असा की इथे लेखक तिला झाडावर बसवून ठेवत नाहीत. गुरुबंधू क्योजी तिला थेट एका खाणावळीत कामाला लावतो. समोरच्याला काय हवंय हे त्याने मागायच्या आत ओळखायला शीक, मग व्यासपीठावर चढ. शोनेनमधलं हे मी पाहिलेलं सर्वांत विचित्र प्रशिक्षण: बिअरचे ग्लास, ओल्या टेबलांवरून फडकं, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर नजर. पानामागून पानं. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत गुरू अट घालतात की फक्त 'जुगेमु' सादर करायचं, म्हणजे नवशिक्यांचा लांबलचक नावाच्या पोराचा किस्सा, जो प्रत्येकाला पाठ असतो. परीक्षकांत इश्शो बसलेला. ती तोच किस्सा घेऊन जिंकते आणि त्याला तोंडावर विचारते की माझ्या वडिलांना का काढलंस?

मग लगेच ती सगळ्यांत खालच्या पायरीवर येते. झेन्झा. ज्येष्ठांना चहा द्यायचा, त्यांच्या किमोनोंच्या घड्या घालायच्या, नगारा वाजवायचा, दोन कलावंतांच्या मधे जाऊन उशी उलटी करून ठेवायची. भाची तिथवर पोचली आणि म्हणाली, फार रेंगाळलंय गं मावशी, पुढे कधी जाणार? मी तो खंड तिच्याकडून परत मागितला आहे. मला तेच पुन्हा वाचायचंय.